आवतण दिलेला बैल

ट्रॅक्टर घेतल्यावर चोपड्याजवळच्या माझ्या मामांनी म्हातारा बैल विकायचं ठरवलं. बैलांचा व्यापारी आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. मामींनी नुकतंच बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं होतं आणि रीतीप्रमाणे त्याला सांगितलं होतं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’

मामी व्यापाऱ्याला म्हणाल्या, “आवतन देयेल शे. पाहुणाले कोनी ईकस का?”

“मंग माले बी आवतन द्या, अक्का,” तो हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुरणपोळी जेवून गेला. मामांनी विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही. बैल गोठ्यातच राहिला.

श्रावण संपताच मामींनी घरची कोंबडी शिजवली. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“तिले कोनी आवतन देयेल व्हतं?” त्या म्हणाल्या आणि मला रस्सा वाढला.