गोडदेव नाक्यावर थांबलेला ठिपका

मिनल शिगवण भाईंदरच्या खारीगावात वाढली. वडील गुहागरहून आलेले, इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचे. मिनल बीएस्सी झाली, कोडिंग घरीच शिकली आणि भाईंदर पूर्वेलाच जयकुमारभाईंच्या छोट्या कंपनीत लागली. शाळेची बस आत्ता कुठे आहे ते आईवडिलांना मोबाइलच्या नकाशावर दाखवायचं, असं त्यांचं ॲप होतं.

आधी प्रत्येक मोबाइल थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचा, बस कुठे आहे? बस सिग्नलला उभी असली तरी विचारायचा. याला पोलिंग म्हणतात. शाळा सुटली की सगळे मोबाइल एकदम विचारायला लागायचे आणि सर्व्हर गुदमरायचा. पालकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा जयकुमारभाईंनी ते काम मिनलकडे दिलं.

शेजारच्या टेबलावरच्या परागचं म्हणणं होतं की विचारणंच बंद करावं आणि स्ट्रीमिंग लावावं. मोबाइल आणि सर्व्हरमध्ये लाइन उघडी ठेवायची, बस हलली की सर्व्हर आपणहून कळवेल. मिनलला ते पटलं. घरी जाऊन इंटरनेटवर वाचायला बसली तर एकाने लिहिलं होतं, उघड्या लाइनी सांभाळताना नाकी नऊ येतात. तेही पटलं. मग दुसऱ्याने त्याला खोडून काढलेलं वाचलं, आणि तेही खरंच वाटलं. आईने तिला दोनदा जेवायला हाक मारली, तिने ऐकलीच नाही. अखेर परागवर भरवसा ठेवून तिने स्ट्रीमिंग केलं. सर्व्हर मोकळा झाला, ठिपका नकाशावर अलगद सरकू लागला. भाई खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात हिना नावाची एक बाई ऑफिसात आली. तिची मुलगी पहिलीत होती. आदल्या दुपारी तिच्या मोबाइलवर बसचा ठिपका गोडदेव नाक्यावर थांबलेला होता. ट्रॅफिक असेल म्हणून ती वर घरातच थांबली. बस केव्हाच येऊन गेली होती. मुलगी खाली इमारतीच्या गेटपाशी एकटीच उभी होती, रडून रडून तिला उलटी झाली होती.

हिना आवाज न चढवता मिनलला म्हणाली, "पता नहीं था, तो बोलो ना पता नहीं. झूठ क्यों दिखाया?"

मिनलने माफी मागितली आणि पाणी आणून दिलं. हिनाने पाणी घेतलं नाही.

मिनल आणि परागने तपासलं. वाटेत कुठेतरी हिनाच्या मोबाइलची लाइन तुटली होती, पण मोबाइलला ते कळलंच नव्हतं. नवी खबर येत नाही म्हणजे बस उभी आहे, की लाइन मेली आहे? ॲपला दोन्ही सारखंच दिसत होतं. पराग म्हणाला, सर्व्हरने अधूनमधून नुसता 'मी आहे' असा इशारा पाठवला की झालं, स्ट्रीमिंगचा दोष नाही. भाई म्हणाले, पहिलेवाला परत लाव. मिनलला दोघांचंही पटत होतं, आणि डोळ्यांसमोर ती मुलगी येत होती. तिने एक फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर निदान उत्तर आलं नाही हे तरी कळतं, एवढीच एक गोष्ट तिला पक्की वाटली.

म्हणून तिने पोलिंग परत आणलं. बस शाळेतच उभी असेल तर मोबाइल क्वचित विचारेल, घर जवळ आलं की लवकर लवकर विचारेल, असं केलं. उत्तर आलं नाही तर ठिपका करडा होतो आणि खाली लिहून येतं, 'आत्ता माहिती नाही'. ते वाचून काही पालक वैतागले. ॲपच बिघडलंय असं त्यांना वाटलं. हिनाचा फोन आला नाही, आणि मिनलनेही केला नाही. हिना अजून ॲप वापरते, एवढं सर्व्हरवर दिसतं.

आता आणखी एक मोठी शाळा येतेय, बस कितीतरी जास्त. पोलिंगला एवढं झेपेल का, मिनलला खात्री नाही. परागने इशाऱ्याचं स्ट्रीमिंग लिहून ठेवलंय, आणि ते तिला चांगलं वाटतंय. परवा भाईंनी विचारलं, नक्की काय करायचं? ती म्हणाली, "भाई, मला अजून कळत नाहीये." भाईंनी मान हलवली आणि शाळेला महिनाभर थांबायला सांगितलं.