सिंगापूरच्या घरातली माटोळी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली. पण त्या चतुर्थीचं प्रकरण आठवलं की आजही मन भरून येतं. मी तेव्हा डिचोली तालुक्यात ठाण्याचा प्रमुख होतो. विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून माझे शिपाई जरा टेकले होते, तेवढ्यात लाटंबार्शे गावच्या एक बाई नवऱ्याचा मोबाईल पदराखाली धरून आल्या.

"सायबानू, परवा माका रजिस्ट्रारकडे सही करूची आसा. आमची काजूची बागायत इकतत. तेच्या आदी ह्या वाचा."

गोव्यात नवऱ्याला एकट्याला जमीन विकता येत नाही, बायकोची सही लागतेच. यांचे यजमान मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले. बागायत विकून सगळा पैसा ते एका व्हिडिओ गेम कंपनीच्या शेअरमध्ये घालणार होते. आणि ती बागायत बाईंनी रोपापासून वाढवलेली.

मोबाईलवर गुंतवणूकदारांचा गट होता. मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी वाचत गेलो. एकजण म्हणे, दिवाळीला नवा गेम येतोय, आताच नोंदणीला झुंबड आहे. दुसरा म्हणे, कंपनीची वाढ बघा, पुढच्या वर्षी आणखी दोन गेम. तिसरा शंका काढी आणि लगेच विरघळे. माझे कान तिथेच टवकारले. खरा पैसा घालणाऱ्याला इतक्या लवकर पटत नाही. आमच्या बाजारात मासे घेतानासुद्धा जास्त हुज्जत चालते.

पण पुरावा बाईंनीच दाखवला. सिंगापूरच्या एका गुंतवणूकदाराने गटावर गणपतीचा फोटो टाकून शुभेच्छा दिल्या होत्या.

"ह्यो सिंगापूरचो? मगे गणपतीच्या वर ही माटोळी खंयसून इली?"

गणपतीवर रानातली फळं, फुलं, सुपारीचे घड टांगून माटोळी बांधावी ती आम्हीच. ही तर होडीच्या आकाराची होती. आमच्याकडे माटोळीच्या स्पर्धा होतात, त्यामुळे चौकशीला वेळ लागला नाही. पेडणे ठाण्याकडून निरोप आला: हळर्णच्या बाजूला अशा माटोळीला यंदा बक्षीस मिळालंय.

पेडण्याच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्या घरी गेलो. पंचांसमक्ष झडती घेतली. कपाटात मोबाईल आणि सिमकार्डं भरपूर सापडली. घरातला तरुण मात्र ढिम्म. "माझी न्हय, दोस्ताची." ठाण्यात आणलं तरी तेच पालुपद.

मी मोबाईल बाजूला ठेवले, चहा मागवला आणि म्हटलं, "माटोळी मात्र झकास हां. कोणी बांधली?"

गडी एकदम खुलला. "मियांच! रान पालथा घातलंय तेच्यासाठी."

"फोटोही तूच काढलास?"

"मगे? दुसऱ्या कोणाक हात लावूक दिवक नाय."

मी गटावरचा तोच फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "सिंगापूरचो मियांच. शंका काढणारो पण मियांच." कंपनी नव्हती, गेम नव्हते. परराज्यातले दोघे त्याला मजकूर पुरवत होते. पुढे तेही सापडले. हजार लबाड्या पचवणाऱ्याला आपल्या माटोळीचं कौतुक तेवढं दडवता आलं नाही.

बाईंच्या यजमानांना बोलावून सगळं सांगितलं. बाईंनी त्यांना एका शब्दाने टोचलं नाही, फक्त मला विचारलं, "जबाबाखाली सही खंय करू?" आणि ठसठशीत सही केली.

शाबासकी ठाण्याला मिळाली. खरं सांगतो, ती त्या बाईंची होती, आणि मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. फसल्यावर रडत येणारे पुष्कळ पाहिले. घरच्यांचा रोष पत्करून, फसण्याआधी पायरी चढणारं माणूस विरळाच. तेव्हापासून कोणी नुसती शंका घेऊन आलं, तरी मी आधी खुर्ची द्यायला लागलो.

पुढच्या चतुर्थीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. गणपतीला हात जोडले, तर यजमान म्हणाले, "सायबानू, वर बघा." माटोळीत फळांच्या मधोमध काजूची हिरवी फांदी बांधली होती.

"काजूक ह्या दिसांनी फळ नसता," ते म्हणाले. "पण हिणे रजिस्ट्रारकडे सही करूक नाय, म्हणान झाड आसा."