पाच नंबरची चूक

अंबरीश देवस्थळी आयर्लंडला आला तो सॉफ्टवेअर लिहायला, पण त्याचा जीव रमायचा तो स्कोअर लिहिण्यात. पुण्यात कॉलेजात असताना त्याने बॅट हातात घेतली की दोन्ही टीमा हसायच्या. मग त्याला वही-पेन्सिल देऊन बाउंडरीबाहेर बसवलं, आणि तो बसला तो बसलाच.

मेनूथला घर केल्यावर जवळच्या एका विद्यापीठात बेसबॉलचा क्लब आहे असं कानावर आलं. विद्यापीठाचं नाव नको, मंडळी अजून हयात आहेत. २००६ साली एका अमेरिकन प्रोफेसरबाईंनी चार बॅटी आणि गेलिक फुटबॉलच्या मैदानाचा एक कोपरा मागून हा संसार मांडला होता. पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरले. दुसऱ्या वर्षी एक जिंकले, तीही समोरची टीम आलीच नाही म्हणून. अशा क्लबला स्कोअरर मिळाल्यावर त्यांनी अंबरीशला जावयासारखं ठेवलं.

त्यालाही हा खेळ मानवला. क्रिकेटमध्ये फील्डरकडून चेंडू सुटला तर त्याला शिव्या मिळतात, वहीत काही येत नाही. बेसबॉलमध्ये मात्र चूक फील्डरची की चेंडूच अवघड होता, हे स्कोअरर ठरवतो, आणि चूक असली तर जागेच्या नंबरासकट लिहून ठेवतो. एवढी सत्ता अंबरीशला घरातसुद्धा कधी मिळाली नव्हती.

२०१४ साली क्लब पहिल्यांदा आणि शेवटचंच फायनलला पोचला. पाच नंबरच्या जागेवर रविकांत होता. हा नागपूरचा, त्याच विद्यापीठात केमिस्ट्रीत पीएचडी करायचा आणि अंबरीशच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. अंबरीशच्या बायकोला, सुचित्राला, वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातच्या बटाटेवड्यांवर राज्य ओवाळून टाकायचा. शेवटच्या डावात चेंडू त्याच्याकडे आला आणि मागे गेला. दोन धावा झाल्या. फायनल गेली. अंबरीशने वहीत लिहिलं, 'ई-फाइव्ह'. पाच नंबरची चूक.

"अंब्या, चेंडू उसळला ना बे," रविकांत घरी येताना गाडीत म्हणाला. "खांद्यावरून गेला."

"या दोन डोळ्यांनी पाहिलंय मी."

आयरिश पोरं 'इट्स ग्रँड', चालायचंच, म्हणून पबमध्ये गेली आणि विसरली. विसरले नाहीत ते आपले लोक, कारण अंबरीशने गणपतीत चाळीस माणसांसमोर तो प्रसंग साभिनय करून दाखवला. रविकांत वाकतो कसा, बघतो कसा, सगळं. त्यानंतर पोराचं नावच ई-फाइव्ह पडलं. "ई-फाइव्हला लाडू लांबून देऊ नका हो, हातात ठेवा," असं बायकासुद्धा म्हणायला लागल्या. रविकांत हसायचा. पीएचडी संपताच तो कॉर्ककडे, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात नोकरीला गेला. फोन कमी झाले, मग दिवाळीचा मेसेजही थांबला.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. क्लबची सेक्रेटरी ईफा हिने अंबरीशला मेल केला, की सीझन तर नाही, तुम्ही क्लबचा इतिहास तरी लिहा. त्याने जुन्या वह्या काढल्या, झकास पानं लिहिली. पुढच्या जानेवारीत फायनलपाशी आला, तेव्हा सुचित्राने त्या दिवशी स्वतः मैदानात काढलेला व्हिडिओ शोधून दिला.

चेंडू गवताच्या कडेला आपटला आणि ससा उडावा तसा रविकांतच्या खांद्यावरून गेला. देवालासुद्धा धरता आला नसता. आणि डाव्या कोपऱ्यात स्कोअररचं टेबल होतं. टेबलामागे अंबरीश, वड्यांच्या डब्यात डोकं घालून.

सुचित्रा म्हणाली, "अरे, तू तर चटणी शोधतोयस."

अंबरीशने तो तुकडा सहा वेळा पाहिला. सहाही वेळा तो चटणीच शोधत होता.

"फोन कर त्याला," सुचित्रा म्हणाली.

"फोनवर नको. समोर जाऊन सांगतो."

घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची तेव्हा बंदी होती. लोक त्या बंदीला वैतागले होते, अंबरीशला मात्र ती सोयीची वाटली. मे महिन्यात काउंट्यांच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, सीमा उघडल्या आणि त्याची सबबही संपली. सुचित्राने डबाभर वडे दिले. "हे बघून तरी तोंड उघडेल," म्हणाली. रविकांतचं की नवऱ्याचं, ते बोलली नाही.

रविकांतच्या घरामागच्या बागेत दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. त्याची बायको पद्मजा चहा ठेवून डबा आत घेऊन गेली. अंबरीशने फोनवर इतिहासाचं पान उघडून पुढे केलं. रविकांतने अगदी सुरुवातीपासून वाचलं, चार बॅटींपासून. फायनलच्या जागी लिहिलं होतं: 'व्हिडिओच्या फेरतपासणीनंतर ही चूक रद्द करण्यात येत आहे.'

"छान लिहिलंस," रविकांत म्हणाला. "सगळं आलं. पण यात वडे कुठं आहेत?"

"वडे?"

"चेंडू गेला तसा मी मागे वळलो, तर तू डब्यात. मला वाटलं, घरी गेल्यावर म्हणशील, रव्या, खात होतो रे. मीही हसलो असतो. फायनलचं काय बे एवढं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"गाडीत वहिनी बाजूलाच होत्या. वडे त्यांचे होते. आणि ते सांगायचं काम माझं नव्हतं ना."

चहावर साय धरली. एवढ्याचसाठी अंबरीश अडीच तास गाडी चालवत आला होता, वाक्य पाठ करून आला होता.

"येताना ट्रॅफिक काहीच लागलं नाही," तो म्हणाला.

"शनिवारी नसतं," रविकांत म्हणाला आणि उठला.

निघताना पद्मजा डबा घेऊन दारात आली. तिच्या दुसऱ्या हातात साखरेची बरणी होती. रविकांतने डबा तिच्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि अंबरीशला दिला. तोंडाने म्हणाला, "सांभाळून जा."

रात्री सुचित्राने ओट्यावर डबा उघडला. लख्ख घासलेला, कोरडा. आपल्याकडे शेजारणीशी उभा दावा असला तरी डबा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी पडते.

"काहीच नाही घातलं?"

"कोविड आहे ना," अंबरीश म्हणाला. "हल्ली कुणी घालत नाही."

त्याने डबा उचलला आणि कपाटात, वरच्या फळीवर, अगदी मागे ठेवून दिला.