शेंदूर लावलेला बोल्ट

आमच्या भासऱ्यांइतकं मोटारीशी बोललेला माणूस सगळ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि माणसांशी त्यांच्याइतकं कमी बोललेलाही. भासरे म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले चुलतभाऊ. लग्न त्यांनी केलंच नाही. दुसरी मोठी लढाई संपल्यावर मामंजींनी एक जुनी मोटार घेतली. ती देऊळगाव राजाजवळच्या आमच्या गावी आली, त्याच दिवशी भासऱ्यांनी आपली वळकटी उचलली आणि तिच्या पत्र्याच्या छपरात राहायला गेले. "तिले गाव नवं आहे काकू, एकटी घाबरन," असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, एवढी माया एखाद्या पोरीवर केली असती त आज तुह्या घरात पाळणा हालला असता." मोटारीचे कान असावेत तिथे भासऱ्यांनी हात ठेवला, जणू तिनं ऐकू नये म्हणून.

मोटारीचं काही दुखलं की ते वैद्यासारखे आधी नुसते बघत बसत. हॉर्न वाजेना तर "कोणावर रुसली व?" दिवा लागेना तर "रात्री झोप नाही झाली काय?" मग बॅटरीच्या तारा जिभेला लावून चव घेत. आंबट लागली तर जीव आहे, नाही लागली तर बॅटरी जालन्याला भरायला पाठवायची. एकदा असंच चाखून जेवायला बसले आणि माझ्या वरणाला बॅटरीची चव आहे म्हणाले. अर्थात मला नव्हे. जेवण झाल्यावर अंगणात जाऊन मोटारीला म्हणाले.

सुनेनं भासऱ्यांसमोर पदर घेऊन राहायचं, बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि मी तर तशीही बुजरी. तेव्हा आमचं जे काही बोलणं व्हायचं ते मोटारीमार्फत. "बाई, घसा सुकला व तुहा," असं अंगणातून ऐकू आलं की मी चहाची पितळी उंबऱ्यावर ठेवत असे. "साखर बरी पडली आज," असं मोटारीला कळवलं जायचं.

आमच्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते. पुढच्या बैलगाडीचा चिखल काचेवर उडाला की काच पुसायची दांडी तो पुसत नाही, शेणानं भिंत सारवावी तसा सारवते. अशाच एका सारवलेल्या काचेमागून मामंजी मोटार घेऊन नाल्यात उतरले होते. त्यावर भासऱ्यांनी लष्कराच्या मोडीतला एक छोटा विजेचा पंप आणला. पाण्याला पितळी कळशी, तिला रबरी नळी आणि नळीला घरातल्या गुलाबदाणीचं तोंड. आत बटण दाबलं की काचेवर फवारा. पहिल्या दिवशी अर्धा गाव बघायला आला. "पाहुण्यांवर शिंपडायचं ते काचेवर!" म्हणून सासूबाई रागावल्या, पण त्याही एकदा बटण दाबून आल्या.

त्या श्रावणात मेहकरहून निरोप आला की माझी आई अंथरुणाला खिळली आहे आणि पंचमीला मी यावं एवढंच म्हणते आहे. पावसामुळे प्रवाशांची सर्व्हिस मोटार बंद पडलेली. आणि नेमका आमचा पंप चालेना. मामंजी नाल्याला विसरले नव्हते. "पंप चालल्याबिगर सुनेले घेऊन मोटार निघायची नाही," ते म्हणाले. मी बांधलेलं गाठोडं सोडलं, पुन्हा बांधलं आणि दाराआड उभी राहिले.

भासरे अंगणात मांडी घालून बसले. पंप काढून थेट बॅटरीला लावला, तर तो गुरगुरला. "म्हणजे तू धडधाकट." परत जागेवर बसवला, तर गप्प. दोन तारा जोडलेला त्यांचा एक छोटा दिवा होता. गड्याला बटण दाबायला लावून त्यांनी तो पंपाकडे येणाऱ्या तारेला लावला आणि दुसरं टोक मोटारीच्या उघड्या लोखंडाला. दिवा लागला, म्हणजे वीज तिथवर येत होती.

"ताटात वाढेलं आहे," ते मोटारीला म्हणाले. "मंग जेवत काऊन नाहीस?"

मग ते पंपाच्या दुसऱ्या तारेमागे निघाले. विजेला परत बॅटरीकडे जायला त्यांनी लोखंड खरवडून एक बोल्ट बसवला होता, तिथे ती तार कसलेली. बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि ते तसेच राहिले. बोल्ट दिसतच नव्हता. तिथे शेंदराचा जाड गोळा होता, पारावरच्या मारुतीसारखा. त्यांनी पान्हा लावला, तोच सासूबाई धावल्या.

"हात नको लावू! देव आहे तो!"

"कोणता देव, काकू?"

"मले काय विचारतोस? तूच त सांगतलं होतं, हा बोल्ट नसला त पंप मुडदा आहे म्हणून. दसऱ्याले गड्याकडून नट सोडवला, खालून-वरून शेंदूर-तेल लावलं, पुन्हा कसून घेतला. सवाष्णीनं अर्धी पूजा करावी काय?"

दसऱ्यानंतर पाऊस नव्हता आणि यंदाचा आषाढही कोरडा गेला, म्हणून पंपाची आठवण कोणाला झाली नव्हती. भासऱ्यांनी आधी बोल्टाला हात जोडले. मग विजेची परतीची वाट अडवून बसलेला सगळा शेंदूर पळसाच्या पानावर उतरवून घेतला, लोखंड चकचकीत घासलं आणि तार बसवली. शेजारी एक दुसरा बोल्ट लावला. त्याला कसलीच तार नव्हती. पानावरचा शेंदूर त्याला लावून म्हणाले, "काकू, हा तुमचा. तो तिचा."

बटण दाबलं. फवारा उडाला.

मामंजी ओसरीवर उभे होते. भासरे त्यांच्याकडे न बघता मोटारीला म्हणाले, "नुसतं येऊन भागत नाही व बाई. परत जायले वाट मोकळी असली, त अंगात जीव राह्यते."

मामंजी म्हणाले, "सुनेचं गाठोडं ठेवा मोटारीत."

मेहकरच्या दारात मी उतरले, तेव्हा भासऱ्यांनी काचेवरून हात फिरवला. "पोळा झाला की येतो घ्यायले. तोवर माहेरी नीट राह्य, बाई." मोटार तर त्यांच्याबरोबरच परत निघाली होती. पोळ्यानंतर ते आले आणि वाटेत त्यांनी तिला विचारलं, "घरची माणसं बरी होती का व?" मागच्या गादीवर मी पदर ओढून बसले होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आता आई नाही आणि भासरेही नाहीत. मोटार छपरातच आहे, ती कोणाला चालू होत नाही. दसऱ्याला पूजा मी करते. बिनतारेच्या बोल्टाला शेंदूर लावते, दुसऱ्याला बोटही लागू देत नाही. आसपास कोणी नसलं, की बॉनेट बंद करताना मोटारीला हळूच सांगते, "त्यांना म्हणावं, आई उठून बसली होती. मला बघून उठून बसली होती."