झोपेचं पान

औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखाने पालथे घालणाऱ्या एमआरला किस्से शोधावे लागत नाहीत. बॅगेच्या तळाशी सँपलं साठतात, तसे ते साठत जातात! सत्तरच्या दशकात भिवंडी माझ्याकडे होती. नोकरी अजून कच्ची. कन्फर्म झालो तरच सुमनशी लग्न, कारण तिच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पत्र दाखवा, मुहूर्त काढतो!"

*

आमचे मॅनेजर कर्णिकसाहेब. खोकल्याचं औषध कसं खपवायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. डॉक्टरांना दाखवायच्या फोल्डरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की या औषधाने झोप येते, यंत्रावर काम करणाऱ्यांनी घेऊ नये.

"साहेब, हे पान कसं दाखवायचं?" मी विचारलं.

साहेबांनी अंगठा जिभेला लावला आणि दोन पानं एकदम उलटली. "असं!"

आणि मला गाव दिलं कोणतं? भिवंडी! जिथे निम्मं गाव लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर उभं आणि कापसाच्या तुसाने सगळेच खोकणारे.

*

भिवंडीतल्याच टेमघरच्या डॉ. पाटलांना कंपनीतर्फे भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. म्हटलं, आता तरी आमचं औषध लिहितील. तिसऱ्याच दिवशी त्यांनी ते माझ्या हातात परत ठेवलं.

"का डॉक्टर, बंद पडलं?"

"बरोबर चालतंय, तीच तर पंचाईत! मी किती उशिरा येतो ते आजवर पेशंटना कळत नव्हतं."

*

एकदा बाजारात एका मेडिकलमध्ये गेलो, तर मी डॉक्टरांना फुकट दिलेली सँपलं तिथल्या फळीवर ओळीने मांडलेली! मी तापलोच. "शेठ, यावर 'विकण्यासाठी नाही' असं छापलंय. वाचता येतं ना?"

शेठ शांतपणे म्हणाले, "इसीलिए तो सस्ता देता हूँ!"

*

डॉ. पाटील आतल्या खोलीत होते. मी टाय लावून त्यांच्या टेबलापाशी बसलेलो. जवळच्याच पूर्णा गावची एक आजी आत आली आणि तिने सरळ जीभ बाहेर काढली. "बघा दाक्तर, चार दिस जेवान ग्वाड लागत न्हाय."

मला काय सुचलं कोण जाणे, मी वाकून बघितली! तेवढ्यात मागून डॉक्टरांचा आवाज, "मग? काय निदान केलंत?"

आजी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यांना काय कलत न्हाय वाटतं. तुमी बघा!"

*

त्याच दिवशी आजी गेल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवलं. बाहेर बाकावर लूमवाल्यांची रांग खोकत होती. "एक सांगा. तुमचं औषध घेऊन माणूस लूमवर उभा राहू शकतो का?"

डोळ्यांसमोर सुमन, तिचे वडील, ते पत्र. अंगठा जिभेपर्यंत गेलासुद्धा! पण बाकावरच्या एकाची दोन बोटं लूमने आधीच नेली होती. मी शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. "झोप येते, डॉक्टर."

त्या महिन्यात माझा खप बसला. पण खरं सांगतो, त्या दिवशी नाक्यावरचा चहा फार छान लागला.

*

साहेबांचा निरोप आला, "पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो. पाटलांनी औषध लिहिलं नाही, तर कन्फर्मेशन विसर!"

ठाण्याहून स्कूटरवर आले आणि लूमच्या गल्लीतून येताना असा तूस खाल्ला, की दवाखान्यात शिरले तेच खोकत. बाकावर एक लूमवाला खोकत होताच. साहेबांनी खोकत खोकत माझा फोल्डर उघडला. "डॉक्टर, औषध अगदी सेफ! कोणालाही द्या!" आणि अंगठा जिभेला लावून दोन पानं एकदम!

डॉक्टरांनी आमचीच सँपलची बाटली उघडली, चमचा भरला आणि साहेबांपुढे धरला. "आधी तुम्ही घ्या. फार खोकताय."

"छे छे!" साहेब पटकन म्हणाले, "मला स्कूटर चालवत ठाण्याला जायचंय!"

साहेब आणि लूमवाला, दोघे आळीपाळीने खोकत होते. डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला आणि कंपाउंडरला हाक मारली, "या दोघांना मिठाचं गरम पाणी दे. गुळण्या करू देत."

बाहेर आल्यावर साहेबांनी माझ्या हातातला फोल्डर घेतला. शेवटचं पान उघडून उभ्या उभ्या वाचलं. मग स्कूटरला किक मारली.

"पत्र सोमवारी पाठवतो," ते म्हणाले. "आणि हे पान जरा सावकाश उलटत जा."