वंदनेतला आवाज

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पण धायरीच्या घरी मी अजून मुलगाच होते. आयटीत नोकरी लागेपर्यंत मी मुलगी आहे हे लपवायचं होतं; आधी कळलं तर शिक्षण थांबेल, अशी भीती वाटायची. बाईचा आवाज शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, "सूर चढवू नका. आवाज छातीतून ओठांपाशी आणा."

एका पौर्णिमेला घरच्या बुद्धवंदनेत पप्पा त्रिशरण सांगत होते, आम्ही मागून म्हणत होतो. सरावामुळे माझा नवा आवाजच निघाला. पप्पा थांबले.

"घसा बसलाय का रे?"

आई म्हणाली, "अहो, घसा बरा आहे. बाथरूममधला सराव मी रोज ऐकते. तुम्ही पुढचं सांगा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पुढची ओळ सांगितली. मी ती त्याच आवाजात म्हटली.