पस्तीस टक्क्यांवर अडकलेला कॉम्प्युटर

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षे. कोलाम आदिवासींच्या कोलामी भाषेतले, सहा वर्षे जमवलेले माझे शब्द घरच्या कॉम्प्युटरवर होते. एका सकाळी त्याने आपोआप अपडेट सुरू केले आणि तो पस्तीस टक्क्यांवर अडकला. लोहाऱ्याहून दुरुस्तीवाली बाई आली. तिचे नाव विचारायचे राहूनच गेले.

मी बटण दाबायला गेलो, तर तिने हात आडवा धरला. "बंद नका करू, सर. काम करून राह्यलं ते, आपल्याले दिसून नाही राह्यलं."

आजाऱ्याच्या उशाशी बसावे तशी ती दुपारपर्यंत बसली. अखेर कॉम्प्युटर सुरू झाला. फाइल शाबूत आहे का पाहताना ती शब्द हळूच वाचू लागली. उच्चार माझ्याहून स्वच्छ होते.

"माही माय असंच बोलत होती," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने विचारले, "यात नाहीत ते शब्द सांगू का, सर?"